लिटरभर दूध पोटात गेल्यावर जेवण मावणार कुठे?

पत्र: माझी मुलगी १३ महिन्यांची आहे. आम्ही दापोली तालुक्यात, हर्णैजवळ राहतो. मी पतसंस्थेत नोकरी करते. ती सात महिन्यांची असताना मी कामावर परत रुजू झाले, तेव्हापासून तिला बाटली लागली आणि माझं दूध हळूहळू आटलं. आता ती दिवसाला पाच बाटल्या गाईचं दूध पिते, प्रत्येकी २०० मिली, त्यातल्या दोन रात्री. बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही. जेवण म्हणाल तर चार चमचे, तेही मिक्सरमधून काढलेली पेज आणि समोर मोबाइलवर गाणी. भाताचं शीत लागलं तरी उमासे काढते. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. त्या म्हणतात, "दूध पितेय ना, मग बिघडलं काय? तिचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत बाटलीवर होता." उपकेंद्रातल्या सिस्टरनी मात्र ती फिकट दिसते, डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. वजन ८ किलो २०० ग्रॅम आहे. नवरा मुंबईला असतो. तो म्हणतो, गणपतीत सगळे घरी आले की एकदमच बाटली बंद करू. मला रोज कामावर जाताना वाटतं, हिची सवय मीच बिघडवली. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई,

आधी तुमच्या मनातल्या बोचणीबद्दल. कामावर परत जाताना बाळाच्या पोटाची सोय लावणं गरजेचं होतं आणि तुम्ही ती लावलीत. सवय बिघडवलीत असं मला अजिबात वाटत नाही. मुलीचं वय बदललं, आता सोय बदलायची आहे. वजनाचीही धास्ती घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १३ महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन साधारण ९.२ किलो आहे आणि ७.२ किलोच्या खाली गेलं तर ते कमी धरतात. तुमची लेक या दोन्हींच्या मध्ये आहे. मला काळजी वाटते ती तिच्या फिकटपणाची.

तुमच्या पत्रातला हिशेब मांडून बघा. पाच बाटल्या म्हणजे दिवसाला एक लिटर दूध. गाईच्या लिटरभर दुधातून साधारण साडेसहाशे कॅलरी मिळतात, आणि एवढ्या वजनाच्या मुलीची दिवसभराची गरजच सातशेच्या आसपास असते. म्हणजे पेजेची वाटी समोर येते तेव्हा तिचं जेवण जवळजवळ उरकलेलं असतं. ती हट्टी नाही, तिला भूकच नाही. आता त्याच लिटरभर दुधात लोह किती? जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसिन नावाचं प्रथिन बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. बाळ जन्माला येतं ते आईकडून लोहाची शिदोरी घेऊन, पण ती साधारण सहा महिनेच पुरते. पुढचं सगळं ताटातून यावं लागतं, आणि तुमच्या लेकीच्या ताटातून ते येत नाहीये. त्यातून आणखी एक गोष्ट घडते: लोह कमी झालं की भूक मंदावते, मूल जेवत नाही म्हणून घरचे आणखी दूध पाजतात, आणि लोह आणखी खाली जातं.

म्हणून याच आठवड्यात तिला ग्रामीण रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका. सरकारी कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप दिलं जातं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे त्याची चौकशी करा. पण ते सिरप रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. रक्त आधीच कमी झालं असेल तर मात्रा वेगळी लागते आणि ती डॉक्टरच ठरवतील. गूळ, खजूर, बीट यांच्यावर विसंबून राहू नका. आपल्याकडे "थोडा गूळ दे, रक्त वाढेल" हे फार सहज सांगतात, पण गुळातून मिळणारं लोह एवढं थोडं आहे की तेवढ्यासाठी मुलीच्या जिभेला गोडाची चटक लावण्यात अर्थ नाही.

आता बाटलीकडे वळू. बहुतेक घरांत बाटली काढून घेण्यापासून सुरुवात होते. मग तेच लिटरभर दूध वाटी-चमच्यानं पाजलं जातं आणि जेवण होतं तिथंच राहतं. माझं म्हणणं उलटं आहे: आधी दुधाचं माप कमी करा, बाटली त्याच्या मागोमाग सुटेल. एक वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरेसं आहे. त्यात दही आलं, ताक आलं, खीर आली. तुम्हाला अर्धा लिटर कमी करायचं आहे, आणि ते एका दिवसात नाही, तीन-चार आठवड्यांत.

सकाळी दहा-अकराच्या सुमाराची बाटली सगळ्यात आधी काढा. दिवसा मुलं खेळात असतात, त्यांना इतर गोष्टींत गुंतवता येतं, म्हणून दिवसाच्या बाटल्या सोप्या जातात. ती बाटली गेली की दुपारच्या जेवणाआधी दोन तास पोटात दूध नसेल. तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला तिची खरी भूक दिसेल. चार-पाच दिवस हे बसू द्या. मग संध्याकाळच्या बाटलीऐवजी आधी खाणं आणि मागून पेल्यात थोडं दूध. त्यानंतर सकाळी उठल्याउठल्याची. रात्रीच्या दोन सगळ्यात शेवटी. या काळात ती कुरकुर करेल, रडेलही. रडली म्हणून मधेच बाटली दिलीत तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आणि थोडं जास्त रडेल, म्हणून जी बाटली काढली ती काढली.

पेल्याचं म्हणाल तर बाजारातले टोपणवाले, झडपेचे सिपर घ्यायची गरज नाही. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत मुलं बाटलीसारखंच चोखत राहतात, आणि ती झडप धुणं बाटलीच्या बुचाइतकंच कठीण असतं. तुमच्या मांडणीवर स्टीलचं किंवा पितळी फुलपात्र असेलच. कल्हई नसेल तर पितळी बाजूला ठेवा, स्टीलचं घ्या. त्याचा काठ बाहेरच्या बाजूला वळलेला असतो, तो खालच्या ओठावर नीट टेकतो आणि घोट हळूहळू आत येतो. आपल्या आज्यांनी तान्ह्यांना बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, पाजलं. तुमच्या लेकीचं बोंडल्याचं वय उलटलं, ती फुलपात्र दोन्ही हातांनी धरू शकते. सुरुवातीला त्यात दोनच घोट पाणी घाला, मांडीवर सरळ बसवा, काठ ओठाला लावा आणि थांबा. तोंडात ओतू नका, तिला ओठांनी ओढू द्या. निम्मं अंगावर सांडेल. दोनेक आठवडे सांडू दे, अंगाला जुना पंचा गुंडाळा. पाण्याचं जमलं की पातळ ताक, मग दूध. दूध पहिल्यांदा पेल्यात दिलंत की ती बहुधा तोंड फिरवेल, कारण तिच्या लेखी दूध म्हणजे बाटली. तेव्हा जबरदस्ती नको. दोन दिवस दूध कमी गेलं तर दही द्या.

पावसाळ्याचे दिवस आहेत, विहिरीचं पाणी गढुळतं, म्हणून पाणी उकळूनच. बाटलीच्या बुचाच्या आतल्या घडीत आणि मानेत दुधाचा थर राहतो, तो कितीही घासला तरी पूर्ण निघत नाही. दमट हवेत त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायलाच मनाई आहे. बाटलीमुळे होणारे जुलाब हे त्यामागचं एक मोठं कारण. फुलपात्र राखेनं घासा नाहीतर साबणानं, ते आतून दिसतं आणि साफ झालं की कळतं.

आता ताटात काय. तुम्ही लिहिता की मिक्सरमधून काढलेली पेज देता. पेज उत्तम, पण गाळलेली पातळ पेज म्हणजे बहुतेक पाणी. या वयाच्या पोटात एका वेळी पाऊण ते एक वाटीच मावतं, त्यात पाणी भरून जागा अडवू नका. चमचा तिरका केला तरी घास त्यावरून ओघळणार नाही, इतकं दाट असायला हवं. सासूबाईंना खिमट विचारा, त्यांना येत असणार: तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून जाडसर भरडायची, मग मऊ शिजवून वर चमचाभर साजूक तूप. भरड जाडसर हे महत्त्वाचं. मुलीला शीत लागलं की उमासे येतात, ते तिला कधी शितांची ओळखच झाली नाही म्हणून. मुलांना गुठळ्या-कण्यांची सवय साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत लागलेली बरी. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. मिक्सर आजच माळ्यावर टाका. पहिल्या आठवड्यात सगळं हातानं कुसकरून, दुसऱ्यात थोडं खरबरीत, मग गुरगुट्या भात जसाच्या तसा. त्याबरोबर हातात धरता येईल असं काहीतरी रोज: घावनाची मऊ पट्टी, आंबोळीचा तुकडा, उकडलेलं रताळं, वाफवलेला लाल भोपळा, केळं. दात थोडे असले तरी चालतं, हिरड्यांनी मुलं मऊ वस्तू छान चावतात. स्वतः तोंडात घातलेल्या तुकड्यानं मूल कमी घाबरतं, कारण तो किती आत न्यायचा हे त्याच्या हाती असतं.

उमासा आणि घशात अडकणं यांतला फरक घरात सगळ्यांना सांगून ठेवा. उमासा आला की आवाज होतो, चेहरा लाल होतो, मूल स्वतःच घास पुढे ढकलतं. तेव्हा शांत बसा, बोट घालू नका. घास खरंच अडकला तर आवाज बंद होतो, खोकता येत नाही, ओठ निळे पडू लागतात. तेव्हा तिला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा द्या, निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेनं पाच दाब, आणि पुन्हा थापा. कुणीतरी लगेच १०८ ला फोन लावायचा. अख्खे काजू, शेंगदाणे, फणसाचा बुळबुळीत गरा, करवंदं, द्राक्षं, ओल्या खोबऱ्याचे तुकडे हे तिच्या हाती लागता कामा नयेत. कोकणातल्या घरात यातलं काहीतरी सदैव ओट्यावर पडलेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

लोहासाठी मला सगळ्यात भरवसा आहे तो अंडं, मासे आणि मटण-चिकनचा, कारण त्यातलं लोह शरीर सहज शोषतं. तुमच्या घरी मासे होत असतील तर तुम्ही भाग्यवान आहात, हर्णैचं बंदर हाकेच्या अंतरावर आहे. १ जून ते ३१ जुलै मोठ्या होड्यांना बंदी असते, तेव्हा खाडीतली मुडदुशी मिळाली तर घ्या. हलका मासा म्हणून ती पूर्वीपासून लहानग्यांना देतात. वाफवून, काटा बोटांनी दोनदा तपासून, भातात कुसकरा. होड्या पुन्हा सुटल्या की रावस, पापलेट, आणि काटे नीट काढता येत असतील तर तारली. मोरी, म्हणजे शार्क मासा, मात्र तिला नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. सुकी मासळी खारट, तीही आता नको. पहिल्यांदा कुठलाही मासा द्याल तो दुपारी, चिमूटभर, आणि अंगावर गांधी येतात का ते पाहा. घर शाकाहारी असेल तर कुळथाची पिठी मिरचीशिवाय दाट करून, मूग-मसूर, नाचणी आणि लाल माठ. शाकाहारी लोह नीट लागू पडावं म्हणून वरून लिंबाचे चार थेंब पिळा. नाचणी रात्री भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर त्यातलं लोह अधिक अंगी लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे दूध कमी केलं म्हणून हाडांचं काय, या प्रश्नाचं उत्तर घरातल्या डब्यातच आहे. आणि सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट किंवा बटर तिला कुणी भरवत असेल तर ते थांबवा. चहा लोहाला अडवतो आणि बिस्किट भूक मारतं.

दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं, त्यापलीकडे ताट उचला. काय आणि कधी वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे तिला ठरवू द्या. मागे वाटी घेऊन अंगणभर फिरणं बंद. मोबाइल बंद करणं जड जाईल, पण गाण्यात गुंग असलेलं मूल तोंडात काय गेलं हेच बघत नाही, मग त्याला चव आणि पोट भरल्याची जाणीव दोन्ही कळत नाहीत. तिला सगळ्यांच्या पंगतीत पाटावर बसवा आणि तिच्यासमोर तुम्हीही तेच खा. एखादी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं ती चाखतात, तेव्हा दोनदा थुंकली म्हणून "हिला आवडत नाही" असा शिक्का मारू नका.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्या मुलाच्या बाटलीचा विषय काढू नका, त्या वादातून काही निघणार नाही. हे सगळं दिवसा त्याच करणार आहेत. त्यांना डॉक्टरांकडे बरोबर न्या आणि रक्ताचा अहवाल डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मग सांगा, "आई, तुमच्या हातचं खिमटच हिला हवंय." नातीची बाटली सोडवायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस तुमच्याकडे दुसरं नाही.

रात्रीच्या बाटल्यांचं शेवटी. वर्षाच्या पुढे, वजन ठीक असलेल्या मुलीला रात्री भुकेसाठी दूध लागत नाही, तिला झोपेसाठी चोखणं लागतं. तोंडात बाटली ठेवून झोपल्यानं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचतं आणि दात किडतात. आडवं होऊन पिण्यानं कानही दुखतात. मध्यरात्रीची बाटली दर तीन रात्रींनी पन्नास मिलीनं कमी करा: २००, १५०, १००, ५०, आणि मग फुलपात्रातलं पाणी. झोपतानाची बाटली अंथरुणातून उठवून स्वयंपाकघरात आणा. रात्रीच्या जेवणानंतर तिथंच पेल्यात दूध, मग तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून दात घासायचे, मग अंथरूण, थोपटणं, अंगाई. दोन-तीन रात्री कठीण जातील. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुट्टी असेल अशा शनिवारी सुरू करा.

तुमच्या यजमानांना सांगा, गणपतीत नको. घर चाकरमान्यांनी भरलेलं, झोपेच्या वेळा उलट्यापालट्या, आणि प्रत्येक आत्या-काकी हातावर मोदक ठेवणार. आधी सुरुवात करून तोवर दिवसाच्या बाटल्या सोडवा, रात्रीचं राहिलं तर विसर्जनानंतर. त्यांना काही करायचंच असेल तर दोन दिवस रजा काढून त्या पहिल्या रात्रींना यावं. बाबाच्या कुशीत बाटलीची सवय नसते, तिथं मूल लवकर निजतं. मधे ताप किंवा जुलाब झाले तर हे सगळं आठवडाभर थांबवा. जुलाबात ओआरएस वाटी-चमच्यानं द्या, झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा १४ दिवस पूर्ण करा, आणि खाणं बंद करू नका.

दूध कमी झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात अंगणवाडीतला काटा हलला नाही तर घाबरून बाटली परत आणू नका. पण सलग दोन महिने वजन वाढलं नाही, प्रत्येक घासाला ठसका लागतो, घन असं काहीच तोंडात टिकत नाही, तळवे पांढुरके दिसतात किंवा ती माती-खडू खाऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला जरूर कळवा, डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि तिचं ताट यांची सांगड कशी घालायची ते पुढच्या पत्रात लिहीन.